करमअलीच्या दारचा थांबा

आगरबंदरची सोमजाई शिमग्याला पालखीतून बाहेर पडली की कुठल्या आळीत वळते, कुणाच्या अंगणात टेकते, कुठं खांदेकरी बदलतात, हे सगळं भागोजीला पाठ होतं. डोक्यात नव्हे, पायांत. बापाच्या मागं चालून तो शिकला होता, बाप आज्याच्या मागं चालून शिकला होता. हातात वेताची काठी घेऊन भागोजी पुढं, मागं ढोल-सनई, त्यामागं पालखी. वाट विचारायची कुणाला गरजच पडायची नाही. तो वळला की गाव वळायचं.

आणि मग सन अठ्ठावीस साली सरकारला कागद सुचला. लांबच्या कुठल्या कुठल्या शहरांत मिरवणुकांवरून डोकी फुटली आणि निस्तरायला लागलं आगरबंदराला! तालुक्याहून हुकूम आला की यापुढं परवान्याशिवाय मिरवणूक निघणार नाही. वाट लिहून द्यायची. पालखी कुणाच्या दारी थांबणार ते नावानिशी लिहून द्यायचं. लिहिलंय तिथंच थांबायचं, आणि वाट राखणाऱ्यानं मुचलक्यावर अंगठा उठवायचा. मोडलं तर पुढल्या साली पालखी देवळातच.

"वाट का लिवून देतात व्हय?" भागोजी म्हणाला. "उद्या श्वास कितीदा घेता ते पण लिवून मागतील."

पण काय करणार? शाळेचा मोरू मास्तर दौत-लेखणी घेऊन देवळात बसला, गाव भोवती जमलं, आणि भागोजीनं डोळे मिटून मनातल्या मनात चालायला सुरुवात केली. सहाणेच्या चौथऱ्यावरनं उठली. पाटलाच्या अंगणात टेकली, लिहा. सोनारआळीत नीराबाईच्या दारात ओटी, लिहा. भंडाऱ्यांचा पार. कोळीवाड्याची वेस. बंदरावरचा नाका. एकवीस थांबे झाले. मास्तरानं सगळे मोठ्यानं वाचून दाखवले, गावानं माना डोलावल्या, भागोजीनं अंगठा उठवला. अर्ज टपालानं गेला.

बाविसावा थांबा राहिला. तो कुणाच्याच लक्षात आला नाही.

तो होता करमअलीच्या दारचा. बाजाराच्या रस्त्यानं पालखी मोहल्ल्याच्या कोपऱ्यावर यायची तेव्हा नेमकी दिवेलागण व्हायची. कोपऱ्यावर करमअलीचं घर. त्याच्या बापाचा खोबरेल तेलाचा घाणा होता, आणि त्या बापाच्याही बापापासून पालखीच्या दिवट्यांना तेल त्याच दारातून. घरातलं माणूस बुधली घेऊन बाहेर यायचं, एकेका दिवटीवर धार धरायचं, दिवट्या पेटायच्या. तेवढा वेळ ढोलवाले हात झाडत बसायचे, कुणी पाणी प्यायचं, कुणी करमअलीच्या ओट्यावर तंबाखू मळायचं. पुढं चाळीस पावलांवर मशीद. तिथं वाजवायचं नाही असं कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, पण तेल घेता घेता थांबलेली वाद्यं मशीद मागं पडल्यावरच परत उठायची. याला थांबा कोण म्हणतो? तिथं ना नारळ, ना ओटी, ना मान. पंगतीची पानं मोजताना घरच्या माणसाला कुणी मोजतं का? तसंच झालं ते.

भागोजी आणि करमअली एका वयाचे, साठीला टेकलेले. पोरपणी एकाच डोणीतून खाडीत पडलेले. करमअली त्याला चारचौघांत 'भाग्या' म्हणायचा आणि भागोजी त्याला 'तेल्या' म्हणून चिडवायचा. पण त्या वर्षी करमअलीचं घर बसलं होतं. आश्विनातल्या वादळात त्याचा एकुलता एक मुलगा रशीद नारळांचा मचवा घेऊन मुंबईला निघाला तो परत आलाच नाही. फळी मिळाली, डोलकाठी मिळाली, रशीद मिळाला नाही. तेव्हापासून पाच महिने करमअलीनं उंबरा ओलांडला नव्हता. जुम्म्याचा नमाजसुद्धा घरात. लेक जुलेखा सासरहून येऊन राहिली होती, ती घास भरवायची तेव्हा तो खायचा.

भागोजी रोज सांजचा जाऊन त्याच्या ओट्यावर बसायचा. दोघं बोलायचे नाहीत फारसे. करमअली आतल्या बाजूला, भागोजी बाहेर, मधे उंबरा.

अर्ज जाऊन आठवडा झाला असेल. त्या सांजेला करमअली एकदम म्हणाला, "भाग्या, शिमगा कवा रे?"

पाच महिन्यांत त्यानं आपणहून विचारलेली ती पहिली गोष्ट. भागोजी हरखला. "आला की! बारा दिस ऱ्हायले."

"गेली दहा वर्सं दिवट्यांवर तेल रशीद घालायचा. औंदा मी घालनार. त्याच्या नावाचं." करमअलीनं बोटानं उंबरा दाखवला. "तेवढं झालं की मी बाहेर पडंन म्हनतो. पालखी दारात आली की उंबरा ओलांडावाच लागंल ना मला?"

"तर! ओढून काडतो का न्हाय बघ तुला," भागोजी म्हणाला. त्या दिवशी तो घरी आला तो गुणगुणतच. बायकोला, रंगूला म्हणाला, "तेल्या उठला गं. औंदा सोमजाईनं त्याला उठवला."

चार दिवसांनी परवाना आला. शिक्का, सही, सगळं. मोरू मास्तरानं पारावर उभं राहून वाचला. एकवीसच्या एकवीस थांबे मंजूर. बायकांनी हात जोडले. रंगू कडेला उभी होती, ती बोटांवर मोजत होती.

"अवो," ती म्हणाली, "आनि करमअलीभावजींकडं?"

मास्तरानं कागद परत वरून खाली पाहिला. माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागली. भागोजी पारावर खाली बसला. देवा, हे काय झालं माझ्या हातून! सगळं गाव लिहिलं आणि हाच राहिला?

"आता लिवा की, मास्तर," तो म्हणाला.

"आता कसं लिहू, भागोजी? शिक्का झालाय. तालुक्याला जाऊन नव्यानं सांगावं लागेल." मास्तर चांगला माणूस होता, पण कागदाच्या पुढं तोही हात टेकायचा.

"मग जा तालुक्याला," घरी आल्यावर रंगू म्हणाली. "पन त्याआधी भावजींना जाऊन सांगा, चुकलं म्हनून. दुसऱ्याच्या तोंडून कळायला नको. हसतील आनि एक शिवी घालतील. दुसरं काय?"

तिचं ऐकून तसंच बोलला असता तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. भागोजी गेलाही होता तेवढ्याचसाठी. पण दारात गेला तर काय बघतो? करमअली रशीदची बुधली राखेनं घासत बसला होता. पितळ लखलखत होतं. जुलेखा मागं उभी राहून पदरानं डोळे पुसत हसत होती. पाच महिन्यांनी त्या घरात कुणी हसत होतं. आता या माणसाला सांगायचं की तुझं दार मी विसरलो? जन्मभर ज्या दारात थांबलो तेच विसरलो?

"तेल्या," तो म्हणाला, "परवाना आला."

"आला? मग तोंड का असं?"

भागोजीची जीभ सुटली ती भलतंच बोलत सुटली. "तुझं नाव काटलं. सायबानं काटलं. मशीद जवळ हाय म्हनून असंल. मी लिवलं हुतं रे, पयलंच लिवलं हुतं..."

करमअलीचा हात थांबला. त्यानं बुधली खाली ठेवली. मग म्हणाला, "सरकारनं काटलं ना? तू न्हाय ना?"

"माझी कसम."

"मग जाऊ दे. सरकारचं काय मनाला लावून घ्यायचं?" भागोजीचे डोळे वाहत होते, करमअलीनंच त्याच्या गुडघ्यावर थोपटलं. "तू नको रडू, भाग्या."

कसम घेतली, तीही स्वतःची! भागोजी रात्रभर तळमळला. सकाळी उठून तालुक्याला जायचं, पाय धरून नाव घालून आणायचं, म्हणजे खोटं आपोआप मिटेल, असं त्यानं ठरवलं. आपलं खोटं आपोआप मिटेल असं सगळ्यांनाच वाटतं. उजाडल्यावर तो निघाला आणि वाटेत करमअलीच्या दारावरून गेला. दारात जुलेखा उभी होती. चेहरा असा फुललेला, जणू पोर ईदचा चांद बघून आलीय.

"भागोजीचाचा, बाबा बाहेर पडले!"

"कुठं?"

"तालुक्याला! पहाटेच निघाले, पायी. मी म्हटलं, गाडी तरी जुंपू दे. ऐकतात कुठले! म्हणाले, भाग्यानं माझं नाव लिवलं हुतं, ते त्यांनी काटलं, मी जाऊन परत आणतो. तो बिचारा माझ्यापायी रडत गेला काल." जुलेखानं दोन्ही हात जोडले. "चाचा, तुमच्यामुळं उठले हो ते. अल्ला तुमचं भलं करो."

भागोजी धावला. साठीचा माणूस, वेताची काठी हातात, लाल मातीच्या रस्त्यानं धावला. वाटेत भेटेल, गाठून सांगू, पाय धरू. चार कोसांची वाट. खिंडीत त्याला धाप लागली, तो बसला, परत उठला. करमअली काही दिसेना. पाच महिने बसलेल्या त्या पायांत एवढा जोर कुठून आला होता कोण जाणे!

कचेरीच्या ओसरीवर तो पोचला तेव्हा आतून आवाज येत होता. करमअलीचाच. खिडकीतून भागोजीला त्याची पाठ दिसली.

"म्हातारबा, कुणी काही काटलेलं नाही," कारकून सांगत होता. "तुमचं नाव अर्जात नव्हतंच."

"असं कसं असंल, सायेब? भागोजी खोटं बोलनार न्हाय. माझा पोर दर्यात गेला तवापास्नं तो रोज सांजेला माझ्या दारात येऊन बसतो. रोज! तुमच्या कागदात खोट असंल, माझ्या मानसात न्हाय."

कारकुनानं उसासा टाकला, दप्तर सोडलं, अर्ज काढला आणि वाचला. पाटील, नीराबाई, भंडाऱ्यांचा पार. एकवीस. "खाली अंगठा भागोजीचा. बघा."

"परत वाचा."

कारकुनानं परत वाचलं.

करमअलीनं हात पुढं करून कागद घेतला. त्याला मराठी वाचता येत नव्हतं. तो प्रत्येक ओळीवरून बोट फिरवत खाली आला. "काटलेलं कसं असतं, सायेब?"

"काटलं की आडवी रेघ असते."

"हितं कुठं रेघ हाय?"

"नाही हो. एकही नाही."

करमअलीनं कागद परत केला. त्याचे खांदे तेवढे खाली आले. बाहेर भागोजीनं एक पाऊल उचललं. आत जावं, सगळ्यांच्या देखत पालथं पडावं. पण ते पाऊल पुढं पडायच्याऐवजी मागं पडलं, आणि तो कचेरीसमोरच्या वडाच्या आड जाऊन उभा राहिला. चोरासारखा. इतका भित्रा तू कधी झालास रे भागोजी?

आतून करमअलीचा आवाज आला, अगदी सपाट. "मंग आता लिवा. लोकांची पालखी हाय, अंधारात कशी जाईल?"

मामलेदार सज्जन असावा. तासाभरात पुरवणी कागद मिळाला. करमअली यांचे दारी तेल घेण्यासाठी पालखी पाच मिनिटे थांबेल. तो कागद कमरेला खोचून करमअली वडाजवळून गेला, तेव्हा दोघांत दहा हातांचं अंतर होतं. भागोजीनं श्वास धरून ठेवला. करमअलीनं मान वर केलीच नाही.

त्यानंतर शिमग्यापर्यंत भागोजी ओट्यावर बसायला गेला नाही. रंगूला म्हणाला, कणकण आहे. करमअलीनं कागद जुलेखाच्या हाती मास्तराकडं पाठवला. गावात आनंदीआनंद! पोरंबाळं म्हणायला लागली की करमअलीचाचानं सरकारला नमवलं. रंगू भोळेपणानं म्हणाली, "बघा, तुम्ही उगाच घाबरलात. कसे धावले भावजी!" भागोजी भिंतीकडं तोंड करून झोपला.

शिमग्याला पालखी उठली. पाटील झाला, नीराबाई झाली, कोळीवाडा झाला. तालुक्याचा हवालदार परवाना हातात धरून बरोबर चालत होता आणि प्रत्येक दारात बोट ठेवून बघत होता. भागोजी पुढं होता, पण त्याला वाट दिसत नव्हती. दिवेलागण झाली. मोहल्ल्याचा कोपरा आला. करमअली उंबऱ्याच्या बाहेर उभा होता, धुतलेला अंगरखा, डोक्यावर नवी टोपी, हातात बुधली.

"या, भागोजीराव," तो म्हणाला.

भागोजीराव! जन्मात कधी म्हणाला नव्हता. एखादी सणसणीत शिवी घातली असती तर भागोजी त्याच्या गळ्यात पडला असता.

पालखी टेकली. करमअलीनं पहिल्या दिवटीवर धार धरली. "रशीदच्या नावानं," तो पुटपुटला. दुसरी दिवटी. तिसरी. माणसं तंबाखू मळायला ओट्याकडं वळली, तर हवालदार म्हणाला, "पाच मिनिटं फक्त." आणि ती उभीच राहिली.

चौथ्या दिवटीपाशी भागोजीला राहवलं नाही. तो जवळ सरकला. "तेल्या, सरकारनं न्हाय काटलं रे. मीच विसरलो. तुला मोजलंच न्हाय. घरचा म्हनून मोजलं न्हाय. देवाशपथ."

"ठावं हाय मला."

"मग शिवी दे. मार मला."

करमअलीनं धार थांबवली. पहिल्यांदा त्यानं भागोजीकडं नीट बघितलं. डोळे भरलेले होते. "विसरलास ते तर मी कचेरीतच माफ केलं. आता बोललास तेच त्या दिशी बोलला असतास, तर हसलो असतो मी. म्हनलो असतो, घरचा हाय, घरच्याला कोन मोजतो?" त्यानं बाहीनं डोळे पुसले. "पन तू कसम घेतलीस. तुझ्या कसमेवर मी चार कोस चालत गेलो रे. पोर गेल्यावर पयल्यांदा बाहेर पडलो तो तुझ्यासाठी. परक्या मानसाम्होरं उभा ऱ्हाऊन सांगितलं, कागदात खोट असंल, माझ्या मानसात न्हाय. आनि त्यानं दोनदा वाचून दाखवलं मला."

"मी हुतो तिथं," भागोजीच्या तोंडून निघून गेलं. "खिडकीत. वडाच्या मागं हुतो मी."

हे बोलायला नको होतं. करमअली दोन पावलं मागं सरकला. "तिथं हुतास?" तो म्हणाला. "आनि मला एकट्याला घरी येऊ दिलंस?"

"पाच मिनिटं झाली," हवालदार म्हणाला. "चला, उचला."

करमअलीनं शेवटची दिवटी भरली, बुधली जुलेखाच्या हातात दिली आणि आत गेला. खांदेकऱ्यांनी पालखी उचलली. पुढं चालणाऱ्यानं हाळी द्यायची असते, सोमजाईच्या नावानं चांगभलं. भागोजीनं ती दिली नाही, तो त्या दाराकडंच बघत होता. मागून कुणीतरी पोरानं हाळी दिली आणि पालखी चालू लागली.

त्यानंतर भागोजी वर्षभर त्या ओट्यावर सांजचा बसायला गेला. रोज. करमअली त्याला कधी हाकलत नसे. "बसा," म्हणे, आणि आत जाई. जुलेखा पाणी आणून ठेवी. तीही आता चाचा म्हणत नव्हती. करमअली मशिदीत जाऊ लागला, बाजारात जाऊ लागला, शेजारच्या बोर्लीच्या बाजारालाही दोनदा जाऊन आला. माणूस खरंच उठला होता. भागोजी त्याला लांबून बघायचा आणि त्याला बरंही वाटायचं.

दुसऱ्या शिमग्याचा अर्ज लिहायला मोरू मास्तर देवळात बसला, तेव्हा भागोजीनं डोळे मिटले नाहीत. "पयलं करमअलीचं दार लिवा," तो म्हणाला. मास्तर म्हणाला, "अहो, पहिला थांबा पाटलांचा." "पयलं लिवा म्हनतो ना!" भागोजी ओरडला. मास्तरानं लिहिलं. भागोजीनं ते मास्तराकडून तीनदा वाचून घेतलं. पाचाची दहा मिनिटं करून मागितली, तीही मिळाली.

त्या दिवशी दिवेलागणीला पालखी कोपऱ्यावर थांबली. बुधली घेऊन जुलेखा बाहेर आली. एकेका दिवटीवर तिनं तेल घातलं. दार तिच्या मागं उघडंच होतं आणि आत करमअली चटईवर बसलेला दिसत होता.

"बाबांना सांग ना," भागोजी म्हणाला. "म्हनावं, दहा मिनिटं हायेत औंदा. घटकाभर बाहेर या."

जुलेखा आत गेली आणि लगेच परत आली. तिला ते बोलणं जड जात होतं, खाली बघूनच बोलली.

"बाबा म्हणाले, कागदात तेल लिवलंय. तेवढं देऊन ये."

दिवट्या भरून झाल्या होत्या, दहातली अजून सात मिनिटं उरली होती. खांदेकरी उभे, वाद्यं गप, सगळं गाव गप. भागोजी काठी टेकून त्या उघड्या दारासमोर उभा राहिला आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. हवालदारानं वेळ संपल्याचं सांगितलं तेव्हा तो वळला, आणि त्याच्या मागं गाव वळलं.